स्टेपर मोटरचा ड्रायव्हर: तारा ओळखण्यापासून करंट लावण्यापर्यंत

"दीड ओहमचं वाइंडिंग, पावणेदोन अँपिअर. म्हणजे अडीच व्होल्ट झाले. आणि तू चोवीस लावतोयस? धूर काढशील बघ."

हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातले वाइंडिंगवाले काका. आयुष्य मोटरी रिवाइंड करण्यात गेलेलं, त्यामुळे ओहमचा नियम त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वाइंडिंग मशीनला तार सरकवणारी पट्टी बसवायची होती. बॉबिनची एक फेरी झाली की तारेने अर्धा मिलिमीटर पुढे जायचं, टोकाला पोचली की उलटं फिरायचं. आजवर हे काम त्यांचा अंगठा करत होता. त्या जागी आम्ही नेमा १७ मापाची बायपोलर स्टेपर मोटर (पल्समागे ठराविक अंशच फिरणारी), आठ मिलिमीटर लीडचा, म्हणजे एका फेरीत पट्टी आठ मिलिमीटर नेणारा टी८ स्क्रू आणि मोटरला करंट पुरवणारा एक ड्रायव्हर बोर्ड लावणार होतो.

काकांचं गणित बरोबर होतं आणि शंकाही रास्त होती. ड्रायव्हर मोटरवर काय मोजून सोडतो, व्होल्टेज की करंट, एवढं कळलं की निम्मे बोर्ड जळायचे वाचतात. म्हणून तारा ओळखून झाल्या की आधी तेच बघू.

तारा ओळखणं

बायपोलर मोटरमधून चार तारा बाहेर येतात. आत दोन कॉइल, प्रत्येकीची दोन टोकं, बस्स. मधून काढलेला टॅप नाही, त्यामुळे चुंबकाची बाजू बदलायची तर कॉइलमधला करंटच उलटा वाहवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक कॉइलला चार स्विचचा एक एच-ब्रिज लागतो. दोन कॉइल, म्हणून दोन ब्रिज. ड्रायव्हरच्या चिपमध्ये हे दोन ब्रिज आणि त्यांना तालात उघडबंद करणारं डोकं असतं.

पाच तारांची ती छोटी २८बीवायजे-४८, जी यूएलएन२००३ च्या बोर्डासोबत येते, ती युनिपोलर, म्हणजे मधला टॅप असलेली. ती या लेखात नाही. सहा तारांची मोटर मात्र चालते. दोन्ही कॉइलचे मधले टॅप टेप लावून मोकळे सोडायचे आणि टोकाच्या चार तारा वापरायच्या.

जोड्या शोधायला मल्टिमीटर लागतोच असं नाही. चारही तारा मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा, हलके खाचे जाणवतील. आता कुठल्याही दोन तारांची उघडी टोकं एकत्र पिळा आणि पुन्हा फिरवा. शाफ्ट एकदम जड झाला तर त्या दोघी एकाच कॉइलच्या. काही फरक पडला नाही तर दुसरी तार धरून बघा. मल्टिमीटर असेल तर जोडीत एक-दोन ओहम दिसतील आणि वेगळ्या कॉइलच्या तारांमध्ये काहीच नाही. स्वस्त मीटरच्या प्रोबचाच पाव-अर्धा ओहम असतो, त्यामुळे १.५ च्या जागी १.९ दिसलं तरी दचकू नका.

रंगांवर मात्र विसंबू नका. आमच्या मोटरला मागे सहा पिनांचं कनेक्टर होतं आणि सोबतच्या केबलमध्ये मधल्या दोन तारा अदलाबदल केलेल्या होत्या. दुसऱ्या मोटरची केबल हिला लावली की जोड्या मोडतात आणि मोटर जागच्या जागी थरथरत बसते. केबल लावून झाल्यावर तिच्या ड्रायव्हरकडच्या टोकाला एकदा जोड्या तपासून घ्याव्यात.

अडीच व्होल्टच्या मोटरला चोवीस का

आमच्या मोटरवर १७एचएस४४०१ हा क्रमांक होता. फेरीला २०० स्टेप, म्हणजे एक स्टेप १.८ अंशांची. १.७ अँपिअर, १.५ ओहम, २.८ मिलिहेन्री. काकांनी पहिले दोन आकडे गुणले आणि थांबले. खरी गंमत तिसऱ्या आकड्यात आहे.

कॉइलमध्ये करंट एकदम उभा राहत नाही, इंडक्टन्स त्याला अडवतं. अडीच व्होल्ट लावले तर करंट रेंगाळत चढतो आणि पूर्ण भरायला नऊ-एक मिलिसेकंद घेतो. मोटर मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरवायची तर सेकंदाला २००० स्टेप, म्हणजे एका स्टेपला अर्धा मिलिसेकंद मिळतो. करंट भरायच्या आत पुढची स्टेप दारात उभी. करंट नाही तर टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, नाही, आणि मोटर नुसती किंचाळते. १२ व्होल्ट लावले तर तोच करंट ढोबळमानाने ०.४ मिलिसेकंदात चढतो, २४ ला ०.२ मध्ये. इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज, एवढंच ते गणित. फिरती मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो आणि वरच्या व्होल्टेजची गरज आणखी वाढते.

मग कॉइल जळत का नाही? करंट ठरवलेल्या आकड्याला पोचला की ड्रायव्हर ब्रिज बंद करतो, करंट जरा उतरला की परत चालू करतो. सेकंदाला हजारो वेळा. चिपजवळच्या दोन चिमुकल्या सेन्स रेझिस्टरवरून त्याला करंट दिसत असतो. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे इस्त्रीच्या थर्मोस्टॅटसारखं." अगदी तसंच. मोटरवर पडणारं सरासरी व्होल्टेज शेवटी त्यांच्या अडीचच्या घरातच राहतं.

याचा एक परिणाम नवख्यांना चकवतो. सप्लायच्या तारेत मीटर लावून मोटरचा करंट मोजू नये. आमची मोटर कॉइलला एक अँपिअर लावून उभी होती तेव्हा २४ व्होल्टचा एसएमपीएस (आमचा पॉवर सप्लाय) ०.१ अँपिअरच्या आसपासच देत होता. करंट कमी पडतोय असं समजून प्रीसेट (ड्रायव्हरवरचा, करंट ठरवणारा बारीक स्क्रू) आणखी पिळला की पुढे काय होतं ते सांगायला नको. अशा एका-दोन मोटरींना २४ व्होल्ट ३ अँपिअरचा एसएमपीएस पुरून उरतो.

कोणता बोर्ड

लाल रंगाचा, मोठ्या काळ्या हीटसिंकचा एल२९८एन जवळपास प्रत्येक कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो आणि म्हणून लोक तोच उचलतात. त्यात दोन एच-ब्रिज आहेत हे खरं, पण त्या मॉड्यूलवर करंट मर्यादित करायची सोयच नाही, सेन्सच्या पिना सरळ ग्राउंडला टेकवलेल्या असतात. १२ व्होल्ट दिले तर ब्रिजमध्ये दोन-एक व्होल्ट पडतील आणि उरलेले दहा आमच्या दीड ओहमच्या कॉइलवर, म्हणजे सहा अँपिअरच्या वर. चिपची मजल दोन अँपिअरची. तीस ओहमच्या कॉइलवाली १२ व्होल्ट ०.४ अँपिअरची मोटर असेल तर एल२९८एन बिनधास्त लावा. बाकी ठिकाणी तो डीसी मोटरसाठी ठेवा.

ए४९८८ हा अलेग्रो कंपनीच्या चिपचा बोर्ड, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. मोटरचा सप्लाय ८ ते ३५ व्होल्ट, मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे बारीक तुकडे, १/१६ पर्यंत. कागदावर दोन अँपिअर, पण हीटसिंकशिवाय एकच धरून चाला. शिकायला याच्याइतका चांगला दुसरा नाही, कारण चूक झाली की का झाली ते कळतं.

डीआरव्ही८८२५ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचा. ८.२ ते ४५ व्होल्ट, हीटसिंकशिवाय दीड अँपिअर, मायक्रोस्टेप १/३२. पिना जवळपास त्याच क्रमाने. वरवर बघता हा ए४९८८ चा थोरला भाऊ वाटतो, पण त्याला एक खोड आहे. ती पुढे काकांच्या पट्टीने दाखवली.

टीएमसी२२०९ ची चिप हॅम्बुर्गच्या ट्रिनॅमिकची. ही कंपनी आता अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे आहे. ४.७५ ते २९ व्होल्ट. चिपची क्षमता दोन अँपिअर आरएमएस (कमाल नव्हे, सरासरीच्या जातीचा आकडा), पण एवढ्याशा बोर्डावर त्याच्या बऱ्याच खाली राहावं. आत येणारी प्रत्येक मायक्रोस्टेप ती स्वतः २५६ पर्यंत बारीक करते. त्यामुळे मोटर इतकी शांत फिरते की चालू आहे का हे बघायला शाफ्टला हात लावावा लागतो. माणसांच्या शेजारी दिवसभर चालणाऱ्या यंत्राला मी हाच लावतो.

नेमा २३ मापाच्या मोटरीला हे तिघेही पुरत नाहीत. तिथे स्क्रूच्या टर्मिनलचा, डबीतला टीबी६६०० येतो, करंट आणि मायक्रोस्टेप बाजूच्या बारीक स्विचांनी लागतात. डबीवर टीबी६६०० छापलेलं असलं तरी आत पुष्कळदा तोशिबाचीच दुसरी, लहान चिप निघते. म्हणून डबीवरच्या चार अँपिअरवर फार विसंबू नये, तीनपर्यंत ठेवावं.

जोडणी

ए४९८८ च्या एका बाजूला ओळीने एनेबल, एमएस१, एमएस२, एमएस३, रिसेट, स्लीप, स्टेप आणि डिरेक्शन. समोरच्या बाजूला मोटरचा सप्लाय, त्याचा ग्राउंड, मग २बी, २ए, १ए, १बी या मोटरच्या चार पिना, शेवटी लॉजिकचा सप्लाय आणि ग्राउंड. एका कॉइलची जोडी १ए-१बी ला, दुसरी २ए-२बी ला. जोडीतली कुठली तार कुठे याची फिकीर नको. मोटर उलटी फिरली तर एका जोडीच्या दोन तारा पलटायच्या.

सगळ्यात आधी कॅपॅसिटर. मोटर सप्लायच्या दोन पिनांना शक्य तितका चिकटून १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, २४ व्होल्टसाठी ५० व्होल्टचा. हा ऐच्छिक नाही. बोर्डावरचे सिरॅमिक कॅपॅसिटर आणि सप्लायच्या लांब तारा मिळून स्विच टाकताच व्होल्टेजचा असा हिसका देतात की १२ व्होल्टच्या सप्लायवरसुद्धा क्षणभर ३५ ओलांडले जाऊ शकतात. चिप गप्प मरते, धूरही येत नाही. कॅपॅसिटरची बाजू चुकवलीत तर मात्र आवाज येईल.

रिसेटची पिन ए४९८८ वर अधांतरी असते, तिला शेजारच्या स्लीपला जोडून टाका. हे राहिलं तर मोटर कधी चालते, कधी नाही, आणि वायरला बोट लावलं की चालू होते. भूतबाधा समजून कुणीतरी प्रोग्राम बदलत बसतं. डीआरव्ही८८२५ वर रिसेट आणि स्लीप दोन्ही वर धरावे लागतात, तेही एकत्र करून लॉजिक सप्लायला द्या. एनेबल उलट्या चालीची आहे, खाली असताना ड्रायव्हर चालू.

कंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवून पल्स पाठवणारा बोर्ड, आर्डुइनो उनो असेल तर लॉजिक सप्लाय ५ व्होल्ट. ईएसपी३२ असेल तर ३.३ द्या. ए४९८८ सिग्नलला 'वर' तेव्हाच मानतो जेव्हा तो लॉजिक सप्लायच्या ०.७ पट असतो. सप्लाय ५ दिला तर उंबरठा ३.५ झाला, आणि ईएसपी३२ चा ३.३ व्होल्टचा पल्स तिथपर्यंत पोचतच नाही. टेबलावर नशिबाने चालतं, यंत्रात बसवल्यावर स्टेप गळतात. डीआरव्ही८८२५ ला २.२ व्होल्ट पुरतात, तिथे हा त्रास नाही. टीबी६६०० च्या डबीत ऑप्टोकपलर असतात, म्हणून पल्स आणि डिरेक्शनच्या प्लस पिना ५ व्होल्टला बांधून मायनस कंट्रोलरकडे न्यायच्या.

कंट्रोलरचा आणि ड्रायव्हरचा ग्राउंड एक करायला विसरू नका. बोर्ड सॉकेटमध्ये बसवताना प्रीसेट कुठल्या टोकाला आहे हे बघून बसवू नका, कारण ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ वर तो एकमेकांच्या विरुद्ध टोकांना आहे. पिनांची नावं वाचा. उलटा बसलेला बोर्ड चालू करताच जातो, आणि जाताना कधीकधी आर्डुइनोलाही घेऊन जातो.

आणखी एक, हा नियम पाळलाच पाहिजे. सप्लाय चालू असताना मोटरची तार काढायची किंवा लावायची नाही. कॉइलमधला करंट तोडला की तो वाट शोधतो आणि वाटेत चिप असते. ब्रेडबोर्डवरच्या ढिल्या जंपरने हेच होतं, म्हणून मोटरच्या चार तारांना ब्रेडबोर्ड वापरू नका. स्क्रू टर्मिनल किंवा सोल्डर.

करंट लावणं

इथे घाई नको. ए४९८८ च्या बोर्डावर चिपजवळ दोन काळे रेझिस्टर दिसतील. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून त्यांच्यावरचा आकडा वाचा. आर१०० म्हणजे ०.१ ओहम, आर०६८ म्हणजे ०.०६८, आर०५० म्हणजे ०.०५. चिपचा नियम असा: कॉइलचा कमाल करंट म्हणजे रेफरन्स व्होल्टेज (प्रीसेटवर मोजलेलं) भागिले सेन्स रेझिस्टरची आठ पट. उलट फिरवून घेतलं की प्रीसेटवर किती व्होल्ट हवेत ते मिळतं. एक अँपिअरसाठी आर१०० च्या बोर्डावर ०.८ व्होल्ट, आर०६८ वर ०.५४ आणि आर०५० वर ०.४.

एकदा मी एकाच पुडीतले पाच बोर्ड आणले. पहिल्यावरचा आकडा वाचला, आर१००, आणि पाचही बोर्ड ०.८ व्होल्टला लावून मोकळा झालो. त्यातले दोन आर०५० चे निघाले, म्हणजे त्या दोघांवर चक्क दोन अँपिअर. ते जळले नाहीत. दोन मिनिटं चालायचे, थांबायचे, थोड्या वेळाने आपोआप परत चालू व्हायचे. चिप तापून स्वतःला बंद करत होती आणि गार झाली की कामावर हजर. मी मात्र संध्याकाळभर प्रोग्रामला दोष देत होतो. आता पुडी एक असली तरी प्रत्येक बोर्ड वाचतो.

मोजायची पद्धत अशी. मोटर सोडवा. ए४९८८ ला लॉजिक सप्लाय पुरतो, डीआरव्ही८८२५ ला मात्र मोटरचा सप्लायही द्यावा लागतो कारण तो आपलं लॉजिक व्होल्टेज त्यातूनच बनवतो. मीटर २ व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब प्रीसेटच्या धातूच्या गोल टोपीवर. लाल प्रोबला मगरचिमटा लावून तो स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला धरला तर फिरवता फिरवता आकडा दिसतो. हात घसरून दांडी शेजारच्या पिनेला टेकली तर खेळ खलास, म्हणून हात कापत असेल तर सप्लाय बंद करून थोडं फिरवा, चालू करून मोजा, असं दोन-तीनदा करा. प्रीसेट नाजूक असतो, एका फेरीच्या आतच त्याची सगळी मजल संपते. केसभर फिरवायचं.

डीआरव्ही८८२५ चं गणित तोंडपाठ होण्याजोगं आहे. नेहमीच्या ०.१ ओहमच्या बोर्डावर करंट म्हणजे रेफरन्स व्होल्टेजची दुप्पट, म्हणजे एका अँपिअरला अर्धा व्होल्ट. टीएमसी२२०९ च्या ०.११ ओहमच्या बोर्डावर रेफरन्स गुणिले ०.७१ केलं की करंट मिळतो, पण तो आरएमएस. आधीचे दोघे कमाल करंट बोलतात, हा सरासरीच्या जातीचा. एक अँपिअर कमाल म्हणजे साधारण ०.७ आरएमएस, तेव्हा प्रीसेट एक व्होल्टला.

मोटरवर १.७ लिहिलंय तर १.७ लावायचे का? नाही. ती वरची मर्यादा आहे. पट्टीला लागणारी ताकद अगदी किरकोळ होती, म्हणून आम्ही एक अँपिअर लावला, आणि मोटर कोमट राहिली. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून १.७ वरून १ वर आलो की ती जवळपास एक-तृतीयांश होते. स्टेपर मोटर ६० अंशांना चटका देते तरी तिचं काही बिघडत नाही, पण थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला तिचा ब्रॅकेट तेवढ्यात मऊ पडून वाकतो.

हीटसिंक ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ ला चिपच्या डोक्यावर चिकटतं. टीएमसीच्या बोर्डावर चिप खाली लटकलेली असते आणि हीटसिंक बोर्डाच्या मोकळ्या बाजूला लागतं. ते पिनांना किंवा प्रीसेटला टेकत नाही ना, हे नखाने चाचपून बघा.

मायक्रोस्टेप आणि वेग

ए४९८८ वर एमएसच्या तिन्ही पिना मोकळ्या सोडल्या तर पूर्ण स्टेप. फक्त पहिली वर केली तर अर्धी, फक्त दुसरी तर पाव, पहिल्या दोन तर १/८, तिन्ही तर १/१६. डीआरव्ही८८२५ वर तिन्ही वर केल्या की १/३२ होतो. बोर्ड बदलला आणि जंपर तसेच ठेवले की पट्टी निम्मंच अंतर जाते ती यामुळे. टीएमसी२२०९ वर दोन्ही पिना मोकळ्या म्हणजे १/८ आणि दोन्ही वर म्हणजे १/१६.

१/८ ला मोटरच्या फेरीला १६०० पल्स लागतात. स्क्रूची लीड आठ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला २०० पल्स. काकांची तार २६ नंबरची, उघडी ०.४५७ मिलिमीटर आणि इनॅमल धरून साधारण अर्धा. म्हणजे बॉबिनच्या एका फेरीला १०० पल्स. बॉबिन मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ५०० पल्स, हे कुठल्याही आर्डुइनोला सहज झेपतं.

झेपत नाही ते रिकामं परत येणं. अ‍ॅक्सेलस्टेपर ही लायब्ररी उनोवर सेकंदाला चार हजार पल्सच्या आसपास दमते. २०० पल्सने भागलं तर सेकंदाला २० मिलिमीटर. त्याहून जोरात पट्टी आणायची तर मायक्रोस्टेप कमी करा किंवा उनोवर जीआरबीएल हा तयार प्रोग्राम घाला, जो ३० हजारांपर्यंत नेतो. १/३२ हवाच असा हट्ट धरणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. त्यातून अचूकता वाढते असंही नाही. १/१६ ला एक मायक्रोस्टेप हलताना हाती येणारा टॉर्क होल्डिंग टॉर्कच्या (उभी मोटर जास्तीत जास्त धरू शकते त्या ताकदीच्या) दहा टक्क्यांच्याही आत असतो, १/३२ ला पाचच्या. स्क्रूचं घर्षण त्याहून जास्त असेल तर पहिल्या दोन-तीन पल्सना पट्टी ढिम्म हलत नाही. मायक्रोस्टेप घ्यायचा तो थरथर आणि आवाज घालवायला.

आता डीआरव्ही८८२५ ची ती खोड. पहिल्यांदा काकांच्या मशीनवर तोच लावला होता. वेटोळी दुरून छान दिसत होती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, बॉबिन डोळ्याजवळ धरून नख फिरवलं आणि म्हणाले, "चार तारा दाटीनं, मग फट. परत चार दाटीनं." त्यांचं नख बरोबर होतं. कॉइलचा करंट शून्याजवळून जातो तिथे या चिपला पुरेसा छोटा करंट धरता येत नाही. ब्रिज उघडला की ठराविक काळ तो बंद करता येत नाही, आणि २४ व्होल्टवर तेवढ्यात करंट हव्या त्या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. मग काही मायक्रोस्टेप गिळल्या जातात आणि पुढची एकदम उडी बसते. जोरात फिरताना हे कळत नाही, गोगलगायीच्या चालीत उघडं पडतं, आणि आमची पट्टी मिनिटाला जेमतेम १९ फेऱ्यांनी फिरत होती. व्होल्टेज १२ वर आणल्यावर निम्मं सुधारलं, टीएमसी२२०९ बसवल्यावर उरलेलं गेलं.

वेग देताना चढण द्या. थांबलेल्या मोटरला एकदम सेकंदाला चार हजार पल्स मारले तर रोटर मागे राहतो आणि नुसता गुणगुणतो. अ‍ॅक्सेलस्टेपरमध्ये त्वरणाचा आकडा सुरुवातीला कमी ठेवा, मोटर अडखळेपर्यंत वाढवा आणि मग निम्म्यावर आणा. एखाद्या ठराविक वेगालाच मोटर खडखडत असेल तर तो रेझोनन्स, त्या वेगावरून पटकन पुढे जा.

चालू केल्यावरच्या तक्रारी

मोटर थरथरते पण फिरत नाही: दहापैकी नऊ वेळा जोड्या चुकल्यात किंवा एक तार सुटली आहे. सप्लाय बंद करा आणि ड्रायव्हरकडच्या टोकाला जोड्या मोजा. मोटर अजिबात हलत नाही आणि शाफ्टही मोकळा फिरतो: एनेबल वर राहिलंय, रिसेट-स्लीप सुटलंय किंवा मोटरचा सप्लायच नाही. शाफ्ट घट्ट धरलेला आहे पण फिरत नाही: ड्रायव्हर जिवंत आहे, पल्स पोचत नाहीत, स्टेपची तार आणि ग्राउंड बघा. उभ्या मोटरची शिट्टी ए४९८८ वर नेहमीचीच. थोडं काम, थोडी विश्रांती असं चालू असेल तर वरची माझी गोष्ट आठवा.

दोन-तीन तासांनी पट्टी एक-दोन मिलिमीटर सरकलेली आढळली तर स्टेप कुठेतरी गळत आहेत. आधी स्क्रू आणि कपलिंगचे बारीक स्क्रू तपासा, कारण शाफ्टवर घसरणारं कपलिंग हुबेहूब गळलेल्या स्टेपसारखं वागतं. मग करंट थोडा वाढवा. तरीही राहिलं तर मोटरच्या तारा एकमेकींत पिळून स्टेपच्या तारेपासून दूर न्या.

काम संपल्यावर एनेबल वर करून मोटर मोकळी केली तर ती गार राहते, पण रोटर जवळच्या पूर्ण स्टेपकडे घसरतो आणि जागा चुकते. काकांच्या प्रोग्राममध्ये म्हणून दर बॉबिनच्या सुरुवातीला पट्टी टोकाच्या लिमिट स्विचपर्यंत जाऊन शून्य घेते.

शेवटची भानगड काकांनीच शोधली. स्क्रूच्या टोकाला हाताने फिरवायला मी एक मूठ बसवली होती. एका सकाळी सगळं बंद असताना त्यांनी ती जोरात गरागरा फिरवली आणि आर्डुइनोवरचा दिवा लागला. फिरवलेली स्टेपर मोटर जनरेटर होते, तिचं व्होल्टेज ड्रायव्हरमधून उलटं सप्लायच्या बाजूला चढतं. हळू फिरवलं तर काही होत नाही, पण जोरात फिरवलं तर चिप जाऊ शकते. मी म्हटलं, हळू फिरवत जा. काकांनी मूठच काढून टाकली.